मोडीचा भाव

‘‘म्हणजे किती तोळे?’’ आईने विचारलं.

प्रश्न माझ्या भाच्याला होता. ९ सप्टेंबर २०२५ च्या रात्री कॅलिफोर्नियात नवे आयफोन जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी हा आजीकडे जेवायला आला तो किमतींची यादी पाठ करूनच. त्याला हवा होता १७ प्रो. किंमत १ लाख ३४ हजार ९०० रुपये. हिंजवडीत नोकरीला लागून त्याला जेमतेम दीड वर्ष झालंय. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. लाखाचा आकडा तिला कळत नाही असं नाही, पण मोठ्या खर्चाचं तिचं माप वेगळं. धायरीची जागा घेतली ती इतक्या तोळ्यांत, ताईचं लग्न झालं ते तितक्या तोळ्यांत, असाच तिच्या डोक्यातला घराचा इतिहास चालतो.

मी लग्नपत्रिकेच्या पाकिटावर आकडेमोड केली. त्या आठवड्यात चोख सोनं दहा ग्रॅमला १ लाख १० हजारांच्या आसपास होतं. म्हणजे फोन झाला सव्वा तोळ्याचा. मग हात थांबेना. आयफोन भारतात पहिल्यांदा आला ऑगस्ट २००८ मध्ये. ८ जीबीचा फोन ३१ हजारांना, आणि सोनं तेव्हा १२ हजारांच्या आतबाहेर. अडीच तोळे. नोव्हेंबर २०१७ मध्ये आयफोन टेन ८९ हजारांना आला, तेव्हा सोनं ३० हजारांच्या घरात होतं. तीन तोळे.

आई पाकिटाकडे बघत राहिली. ‘‘तीनाचे सव्वा झाले? मग स्वस्तच झालाय की तुमचा फोन!’’

भाचा खुशीत आला. आजीने त्याच्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, ‘‘पण सोनं अडीनडीला मोडता येतं रे. फोन मोडला की मोडला.’’

हा लेख त्या एका वाक्यामागे धावत लिहिला आहे.

किंमत कुठून कुठे आली

मोबाइल फोन आपल्याकडे आला तोच श्रीमंती चोचला म्हणून. ३१ जुलै १९९५ रोजी बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्या काळात मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत आकार पडे आणि आलेला फोन उचलायलाही पैसे लागत. लोक नंबर बघून फोन कापायचे आणि शेजारच्या पीसीओतून उलट फोन करायचे. मग इनकमिंग फुकट झालं, नोकिया ११०० आला, त्याच्या बॅटरीच्या उजेडात गावोगावी रात्रीची मोटार चालू करायला शेतकरी जाऊ लागले आणि फोन ही वस्तू चोचल्याच्या यादीतून गरजेच्या यादीत आली.

स्मार्टफोनने ही यादी पुन्हा दुभंगली. काही काळ वाटलं होतं की चांगला फोन स्वस्तच होत जाईल. डिसेंबर २०१४ मध्ये वनप्लस वन भारतात २१ हजार ९९९ रुपयांना आला, तो ‘फ्लॅगशिप किलर’ असा डिंडिम वाजवत. बड्या कंपन्यांचा चाळीस-पन्नास हजारांचा फोन जे करतो ते हा निम्म्यात करतो, असा त्याचा दावा होता आणि तो बऱ्याच अंशी खराही होता. त्याच कंपनीचा जानेवारी २०२५ मधला वनप्लस १३ सुरू झाला ६९ हजार ९९९ पासून. राजाला मारायला निघालेला राजाच्याच सिंहासनावर बसला, ही आपल्या इतिहासाला नवी गोष्ट नाही.

वरच्या मजल्यावर तर मोजमापच राहिलं नाही. सॅमसंगचा गॅलेक्सी एस ८ सन २०१७ मध्ये ५७ हजार ९०० ला होता, २०२५ चा एस २५ अल्ट्रा १ लाख २९ हजार ९९९ ला आला. घडी घालता येणारा झेड फोल्ड ७ पावणेदोन लाखांचा. आणि आयफोन १७ प्रो मॅक्सचा २ टीबीवाला नग २ लाख २९ हजार ९०० रुपये. देशाचं दरडोई उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या थोडं वर आहे, हे जाता जाता लक्षात ठेवायला हरकत नाही. भाच्याला हव्या असलेल्या फोनची किंमत म्हणजे सरासरी भारतीयाची जवळपास आठ महिन्यांची कमाई.

पण सरासरी भारतीय तो घेत नाही. आयडीसी या संस्थेच्या मोजणीनुसार २०२४ मध्ये भारतात सुमारे १५ कोटी १० लाख स्मार्टफोन बाजारात आले आणि त्यांची सरासरी किंमत होती २५९ डॉलर, म्हणजे २२ हजारांच्या आसपास. लाखाच्या फोनच्या जाहिराती दिवसभर बघून आपल्याला वाटतं की सगळा देश तेच घेतोय. प्रत्यक्षात देश त्याच्या पुष्कळ खाली उभा आहे, मान वर करून.

टिकायला लागला आणि महाग झाला

किमती का वाढल्या, याची दुकानात मिळणारी उत्तरं दोनच. एक, ‘‘डॉलर वाढला.’’ दोन, ‘‘टॅक्स वाढला.’’ दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही अपुरी.

डॉलर २००८ च्या ऑगस्टमध्ये ४३ रुपयांच्या आसपास होता, सप्टेंबर २०२५ मध्ये ८८ होता. मोबाइलवरचा जीएसटी १ एप्रिल २०२० पासून १२ टक्क्यांवरून १८ झाला. आयात शुल्क २०१७-१८ मध्ये पायरीपायरीने २० टक्क्यांवर गेलं होतं, ते जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात १५ वर आलं. २०२५ च्या घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले. मोठे टीव्ही स्वस्त झाले, एसी झाले, छोट्या गाड्या झाल्या. मोबाइल १८ टक्क्यांवरच राहिला. कर्वे रस्त्यावरच्या एका दुकानदाराने सांगितलं की त्या आठवड्यात त्याने सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य होतं, ‘‘नाही साहेब, फोनवर नाही कमी झाला.’’

तरी हिशेब पुरा जुळत नाही. अमेरिकेत १७ प्रोची करपूर्व किंमत १,०९९ डॉलर आहे. ८८ ने गुणलं तर ९६ हजार ७१२. त्यावर १८ टक्के जीएसटी लावला तर १ लाख १४ हजार १२० रुपये. आपल्याकडची किंमत त्याहूनही वीस हजारांनी वर आहे, आणि आयफोनची जुळणी तर आता तामिळनाडू-कर्नाटकात होते. या वीस हजारांत सुट्या भागांवरचं शुल्क आहे, घाऊक-किरकोळ विक्रेत्यांचं कमिशन आहे, रुपया पुढे घसरेल या भीतीची तजवीज आहे, आणि इथलं गिऱ्हाईक देतंय हा विश्वासही आहे. म्हणून न्यू जर्सीच्या चुलतभावाला ‘‘येताना एक आण ना’’ हा निरोप अजून जातो. मात्र २०२२ पासून अमेरिकी आयफोनला सिमकार्डाची खाच नसते, सगळं ई-सिमवर. हे भाऊ निघायच्या आधी लक्षात आलेलं बरं.

महागाईचं मुख्य कारण याहून खोलात आहे, आणि ते थोडं गमतीशीर आहे. जगभरातली स्मार्टफोन विक्री २०१६ च्या सुमारास शिखरावर पोचली. त्या वर्षी सुमारे १४७ कोटी फोन बाजारात आले होते. २०२४ मध्ये तो आकडा १२४ कोटींच्या आसपास होता. लोकांनी फोन वापरणं थांबवलेलं नाही, बदलणं लांबवलंय. २०१० ते २०१५ या काळात दर वर्षीचा फोन आधीच्या फोनला खरोखर लाजवायचा. कॅमेरा, वेग, पडदा, सगळ्यांतच. पुढे फरक कमी होत गेला आणि घडण पक्की होत गेली. काच चिवट झाली, पाणी आत जाईना, प्रोसेसर तीन-चार वर्षांनीही दमेना.

वस्तू टिकायला लागली की कारखानदारापुढे दोनच वाटा उरतात. नग वाढवता येत नसतील तर नगामागचा पैसा वाढवायचा. २०१७ चा आयफोन टेन हा त्या वळणावरचा मैलाचा दगड. किंमत एक हजार डॉलरच्या रेषेला भिडली आणि गिऱ्हाईक पळालं नाही, हे सगळ्या कंपन्यांनी पाहिलं. उत्पादनखर्चही वाढलाय हे कबूल केलं पाहिजे. तीन नॅनोमीटरच्या चिप तैवानच्या टीएसएमसीसारख्या मोजक्या ठिकाणीच बनतात, आणि त्यासाठी लागणारी यंत्रं नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी बनवते. अशा एका यंत्राची किंमत पंधरा कोटी डॉलरच्या वर जाते. पण आयफोन १७ प्रोमध्ये २५६ ऐवजी ५१२ जीबी जागा हवी असेल तर वीस हजार रुपये जास्त मोजावे लागतात, त्याला यंत्राच्या किमतीचा आधार नाही. संगणकात घालायचा १ टीबीचा चांगला एसएसडी तेव्हा त्याच्या एकतृतीयांश पैशांत मिळत होता.

थोडक्यात, फोन महाग झाले कारण ते टिकू लागले. आपण त्या टिकाऊपणाचे पैसे आगाऊ मोजतो. पुढचा प्रश्न असा, की तो टिकाऊपणा आपण वापरतो का?

वीस हजारांत काय नाही

महाग फोनची टिंगल करणं सोपं आहे आणि अर्धवट माहितीवर ती फार रंगते. म्हणून आधी त्याच्या बाजूचं बोलू.

कॅमेऱ्यातला फरक खरा आहे. दिवसाउजेडी अंगणात काढलेला फोटो पंचवीस हजारांचा फोनही झकास काढतो. नाट्यगृहाच्या मागच्या रांगेतून, विसर्जन मिरवणुकीच्या रात्री, धावणाऱ्या नातवंडाच्या मागे लागून काढायचा असेल तेव्हा मोठा सेन्सर, खरं टेलिफोटो भिंग आणि प्रतिमेवर काम करणारा चपळ प्रोसेसर यांची किंमत कळते. शॉन बेकर यांनी ‘टँजरीन’ हा चित्रपट आयफोन ५एसवर चित्रित केला, तो २०१५ मध्ये आला. विशाल भारद्वाज यांनी ‘फुर्सत’ हा लघुपट २०२३ मध्ये आयफोन १४ प्रोवर केला. डॅनी बॉयल यांचा २०२५ चा ‘२८ इयर्स लेटर’ बराचसा १५ प्रो मॅक्सवर झाला. लग्नाचे व्हिडिओ करणारे, रील विकून पोट भरणारे, जिल्ह्याच्या गावी एकट्याने बातमी चित्रित करून पाठवणारे यांच्यासाठी हा फोन म्हणजे अवजार आहे. सुताराने रंधा चांगला घेतला तर त्याला कुणी उधळ्या म्हणत नाही.

दुसरी मोठी गोष्ट जाहिरातीत तळाशी असते, ती म्हणजे अपडेट. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने पिक्सेल ८ ला सात वर्षं सॉफ्टवेअर देऊ असं सांगितलं, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ साठी तेच वचन दिलं. आयफोनचा रिवाज आधीपासून साधारण तेवढाच आहे. २०१८ च्या आयफोन टेन एसला २०२५ मध्ये, सातव्या वर्षी, नवी आवृत्ती मिळाली नाही. २०१९ चा ११ मात्र तेव्हाही यादीत होता. स्वस्त फोनला बहुधा दोन-तीन वर्षांत निरोपाचा नारळ मिळतो. यूपीआय आणि बँक फोनवरच असण्याच्या दिवसांत सुरक्षेची अपडेट न मिळणारा फोन म्हणजे कडी नसलेलं दार.

आता दुसरी बाजू. मार्च २०२१ मध्ये भारतात १५ हजार ९९९ रुपयांना आलेल्या रेडमी नोट १० प्रोला सेकंदाला १२० वेळा ताजा होणारा ॲमोलेड पडदा होता. सप्टेंबर २०२४ मध्ये ७९ हजार ९०० ला आलेल्या आयफोन १६ चा पडदा ६० वरच अडकलेला होता. ती सोय साध्या आयफोनला मिळाली ती २०२५ मध्ये, १७ मध्ये. म्हणजे सोळा हजारांच्या गिऱ्हाइकाला जे साडेचार वर्षांपूर्वी मिळालं ते ऐंशी हजारांच्या गिऱ्हाइकाला आत्ता मिळालं, आणि त्याचा समारंभ झाला. चार्जिंगचंही तसंच. गॅलेक्सीच्या अल्ट्राची बॅटरी २०२० पासून २०२५ पर्यंत ५ हजार एमएएचचीच राहिली आणि चार्जिंग ४५ वॅटच्या पुढे गेलं नाही. त्याच्या पाव किमतीचे कितीतरी फोन याहून मोठी बॅटरी देतात आणि झपाट्याने चार्ज होतात. शिवाय खोक्यात चार्जरही देतात, जो महागड्या फोनच्या खोक्यातून २०२०-२१ मध्ये पर्यावरणाच्या नावाने बाहेर पडला.

वर्षाचा हिशेब करून पाहिला. आयफोन ११ चा २०१९ मधला भाव ६४ हजार ९००. सहा वर्षं वापरला तर वर्षाला १० हजार ८०० पडले. पंचवीस हजारांचा फोन तीन वर्षं वापरला तर वर्षाला ८ हजार ३००. फार अंतर नाही. आता १७ प्रो घ्या. सात वर्षं वापरला तर वर्षाला १९ हजार ३०० रुपये. दोन वर्षांत बदलला, आणि जुन्याचे निम्मे पैसे परत मिळाले असं उदार मनाने धरलं, तरी वर्षाला ३३ हजार ७००. आकड्यांच्या कुस्तीत मध्यम फोन दर वेळी जिंकतो. महाग फोनला बरोबरी साधायची असेल तर त्याला एकच डाव येतो, म्हातारं होण्याचा. तोच डाव खेळू देत नाहीत.

दिवसाला १८५ रुपये

नवा फोन विक्रीला आला शुक्रवारी, १९ सप्टेंबर २०२५ ला. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ॲपलच्या दुकानाबाहेर आदल्या रात्रीपासून रांग लागली आणि पहाटे धक्काबुक्कीपर्यंत वेळ आली, ते सगळ्या वाहिन्यांनी दाखवलं. पुण्यातही त्याच महिन्याच्या ४ तारखेला कोरेगाव पार्कात कंपनीचं दुकान उघडलं होतं. टीव्हीवर रांग बघताना आईचं लक्ष भलतीकडेच गेलं. ‘‘अरे, पितृपक्ष चालू आहे ना?’’ पितृपक्षात आपण चमचासुद्धा नवा घेत नाही. पितरांनीही आता काळ ओळखला असावा.

ही रांग कुणाच्या पगारावर उभी आहे, हे कळायला दुकानाच्या मागच्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी जावं लागतं. तिथे फायनान्स कंपन्यांची मुलं-मुली टॅब घेऊन बसलेली असतात. मी १७ प्रोबद्दल विचारलं. समोरच्या मुलीने किंमत सांगितलीच नाही. ‘‘दिवसाला फक्त १८५ रुपये पडतात, सर. चोवीस महिने, नो कॉस्ट.’’

नो कॉस्ट ही फार देखणी शब्दयोजना आहे. शून्य टक्के व्याज नावाची चीज अस्तित्वात नसते, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं. त्यानंतर व्याजाला नवं पांघरूण मिळालं. बँक किंवा वित्त कंपनी कर्जावर व्याज लावतेच, तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी सूट म्हणून आधी वजा करते. १६ टक्के दर धरला तर १ लाख ३४ हजार ९०० च्या चोवीस हप्त्यांत सुमारे २० हजार १०० रुपये व्याजाचे असतात. फोनवरची सूट ते झाकते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, सुमारे ३ हजार ६०० रुपये, गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातो. प्रक्रिया शुल्क वेगळं. आणि जी सूट हप्तेवाल्याला व्याजापोटी मिळाली ती रोख देणाऱ्याला दुकानात मागूनही बहुधा मिळत नाही.

पैशांपेक्षा मला टोचली ती मुदत. चोवीस महिने. हप्ते फिटतात त्याच महिन्यात मोबाइलवर संदेश येतो, ‘तुमचा जुना फोन द्या, नवा घ्या, हप्ता तोच.’ कर्ज कधी संपत नाही, फक्त फोन बदलतो. ज्या फोनला सात वर्षांचं आयुष्य दिलं, ज्याची बॅटरी (आयफोन १५ पासून कंपनीच सांगते) हजार वेळा पूर्ण चार्ज केल्यावरही ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवली, तो दोन वर्षांत हातातून काढून घेण्याची ही सगळी व्यवस्था. टिकाऊपणाचे पैसे पहिला मालक भरतो आणि टिकाऊपणा दुकानाच्या काउंटरवर ठेवून येतो.

मग तो जातो कुठे?

तापकीर गल्ली

बुधवार पेठेतली तापकीर गल्ली पुण्याच्या दोन-तीन पिढ्यांनी वेगवेगळ्या कारणांनी पाहिलेली. कुणी रेडिओचे व्हॉल्व्ह घ्यायला, कुणी टेपचं हेड बदलायला, कुणी एलईडीच्या माळा. त्याच भागातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात मी दोन दुपारी बसलो. दुकान म्हणजे सहा फुटी फळी, एक सूक्ष्मदर्शक, हीट गन, आणि मोहरीएवढ्या स्क्रूंनी भरलेल्या पुड्या. चालवणारा चाळिशीचा, मूळचा बार्शीकडचा. फोनकडे तो डॉक्टर बघतात तसा बघतो, म्हणजे आधी माणसाकडे.

‘‘महाग फोन मला आवडतो, काका,’’ तो म्हणाला. ‘‘उघडल्यावर कळतं पैसा कुठं घातलाय. रबर बघा, सील बघा. स्वस्तात एका पट्टीवर काम भागवतात.’’ मग चिमट्याने एक केबल उचलत म्हणाला, ‘‘पण फोल्डर गेला की रड सुरू.’’ फोल्डर म्हणजे काच आणि पडदा यांचा अख्खा संच. कंपनीचा अस्सल फोल्डर घालायचा तर त्या पैशांत एक नवा मध्यम फोन येतो. म्हणून इथे तीन भाव चालतात. अस्सल, कॉपी, आणि दुसऱ्या मेलेल्या फोनमधून काढलेला. काढलेला भाग अस्सलच असतो, तरी काही फोन त्याला ओळखत नाहीत. भाग आणि मदरबोर्ड यांची सॉफ्टवेअरने गाठ मारलेली असते, दुसरा भाग बसवला की फोन कुरकुरतो, इशारे देतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये या गाठीवर बंदी घालणारा कायदा केला. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम लागू झालाय की बॅटरीने ८०० चक्रांनंतरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, विक्री थांबल्यावर सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि पाच वर्षं अपडेट. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, आणि फोनवर ‘दुरुस्ती निर्देशांक’ छापावा असा अहवाल समितीने मे २०२५ मध्ये दिला. तो छापला जाईल तेव्हा खोक्यावर सगळ्यात उपयोगाची ओळ तीच असेल.

मी त्याला थेट विचारलं, लाखाचा फोन परवडतो कुणाला?

त्याने मान वर केली नाही. ‘‘दुसऱ्या मालकाला.’’

मग त्याने समजावलं. पहिला दोन वर्षांनी देतो. तेव्हा निम्म्याच्या आसपास भाव होतो, आणि फोन तर अजून तरणाबांड. दुसरा घेतो, बॅटरी बदलतो, चार वर्षं वापरतो. ‘‘त्याला वर्षाला पहिल्याच्या जवळपास निम्मेच पडतात. पहिल्याने काय घेतलं सांगू? पहिला दिवस घेतला.’’ खोका उघडायचा आवाज, ऑफिसात फोन टेबलावर उलटा ठेवायची ऐट. त्याने ते तुच्छतेने सांगितलं नाही. हौसेला मोल असतं हे पेठेतल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

निघताना म्हणाला, ‘‘नवा घेणार असाल तर खोका आणि बिल जपा, काका. मोडायच्या वेळी दोन पैसे जास्त येतात.’’

मोडायच्या वेळी. सोन्याचा शब्द त्याने फोनला सहज वापरला होता. आईचं म्हणणं मला तिथे पहिल्यांदा नीट पारखता आलं. फोन मोडता येतो, पण त्याची मोड रोज झिजते, कारण तिच्यातलं सोनं म्हणजे वेळ असतो. २०१७ साली तीन तोळे घेऊन ठेवले असते तर त्याचे सप्टेंबर २०२५ मध्ये तीन लाख तीस हजार झाले असते हे खरं. पण तीन तोळ्यांवर कुणी नातवाचं रांगणं टिपलं नसतं, हेही खरंच.

उतरंड

आमच्या घरात दुसऱ्या मालकाला फार शोधावं लागत नाही. फोनची उतरंड असते. भाच्याचा ताईकडे, ताईचा मेहुण्यांकडे, मेहुण्यांचा आईकडे. बहुतेक मराठी घरांत अशी उतरंड आहे आणि तिच्या तळाशी बहुधा एक म्हातारी आहे, जिला फोन कधी नवा मिळाला नाही.

तळाच्या मडक्याचं दुःख वेगळं. फोन धडधाकट असतो, आतून आवाज स्वच्छ येतो, फोटो दिसतात, आणि एके दिवशी एखादं ॲप उघडत नाही. ५ मे २०२५ पासून व्हॉट्सॲपने आयओएस १५.१ च्या आधीच्या आवृत्त्या सोडल्या, त्याबरोबर आयफोन ५एस, ६ आणि ६ प्लस मागे पडले. दहा-अकरा वर्षं चालणारं यंत्र यंत्र म्हणून मरतच नव्हतं, ते बाहेरून बंद झालं. आईचाही फोन (तो वेगळाच, नाव घेत नाही) त्याच वर्षी बँकेच्या कामाला निकामी झाला. तिने तो कपाटात ठेवला, टाकला नाही. ‘‘चालतोय ना अजून,’’ म्हणाली. तिला मी सांगू शकलो नाही की फोन बनवतानाच त्याच्या आयुष्यभराच्या प्रदूषणातला बहुतांश, सुमारे चार पंचमांश, वाटा घडून गेलेला असतो, म्हणून तो कपाटात ठेवण्यापेक्षा हातात असणंच बरं. तिला हे सांगायची गरजच नव्हती. पातेल्याला कल्हई लावून वापरणाऱ्या पिढीला आपण काय शिकवणार?

भाच्याला मात्र हा सगळा हिशेब दाखवला. हप्त्यातला जीएसटी, गल्लीतलं वाक्य, वर्षाला पडणारे रुपये. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, ‘‘मामा, तू चारचाकीचा असा हिशेब केला होतास का?’’ मी गप्प बसलो.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला तो फोन घेऊनच आला. प्रो नव्हता, साधा १७ होता, ८२ हजार ९०० चा. मागच्या वर्षीच्या १६ ला २५६ जीबीत ८९ हजार ९०० पडत होते, हे त्याने मला ऐकवलं. टेलिफोटो मला लागत नाही, असंही म्हणाला. हप्ते केलेच होते, बारा महिन्यांचे.

आपट्याची पानं देऊन सगळ्यांच्या पाया पडून झालं. आईने वह्या-पुस्तकं आणि विळी यांच्या शेजारी पाटावर फोन ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं, भाच्याच्या जिवाची घालमेल होईल इतकं. मग चष्मा सारखा करत विचारलं, ‘‘हा माझ्याकडे कधी येणार?’’

‘‘तुला माझा जुना देतोय ना, आजी. आजच.’’

‘‘तो नव्हे. हा.’’

तो हसला. ‘‘सात वर्षं चालतो म्हणे हा.’’

‘‘चालव मग.’’

पूजा आवरताना ती फोनचा रिकामा खोका आत घेऊन गेली. थोड्या वेळाने मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा खोका फडताळात लोणच्याच्या बरणीशेजारी होता. बरणीवर चिकटपट्टी लावून ती घातल्याची तारीख लिहिते, तशी चिकटपट्टी खोक्यावरही होती. बिल आत घडी करून ठेवलेलं. वर निळ्या पेनाने, किंचित थरथरत्या अक्षरात: दसरा २०२५.